हक्कदाराचा शब्द



२०२४ च्या दिवाळीच्या सुमारास मंगरूळपीर तालुक्यातील एका गावी बहिणीकडे जाण्याचा योग आला. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी आटोपली होती. पण घरात सुगीचा आनंद नव्हता. इशाची नमाज पढून आम्ही ओसरीवर बसलो असता वाशिमला महाविद्यालयात शिकणारा माझा भाचा जवळ येऊन म्हणाला, ‘‘मामू, मी एक रॅप लिहिला आहे. ऐकाल?’’ त्याने मोबाईलवर ठेका लावला आणि त्या ठेक्यावर तो भराभर बोलू लागला.

विषय घरचाच होता. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. वडिलांनी माल सरकारी खरेदी केंद्रावर नेला, तेव्हा ओलावा १२ टक्क्यांहून अधिक म्हणून तो परत पाठवण्यात आला. गाडीभाडे दोनदा कोठून भरणार? त्यांनी तो त्याच दिवशी एका व्यापाऱ्याला हमीभावाहून बऱ्याच कमी दराने देऊन टाकला. भाच्याने हे सारे यमकांत बांधले होते आणि ते ऐकताना माझे मन हलले. परंतु पुढे त्याने त्या व्यापाऱ्याचे नाव घेतले, तो काटा मारतो असे म्हटले, त्याच्या लंगडण्याची नक्कल केली आणि शेवटी तो त्याच्या घरातील स्त्रियांवर घसरला.

त्याचे वडील उठून उभे राहिले. ‘‘बंद कर हे. तूर निघाली की पुन्हा त्याच्याच दारात जायचं आहे आपल्याला.’’ मुलगा म्हणाला, ‘‘अब्बा, मी खोटं काय बोललो?’’ कोणीच उत्तर दिले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. त्या रात्री मीही गप्प राहिलो.

वाचकहो, ते गप्प राहणे माझ्या मनाला लागून राहिले. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आज असा एखादा मुलगा वा मुलगी आहे. म्हणून त्या रात्रीचा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याने उघडपणे आणि कठोर शब्दांत बोलावे काय? बोलावे, तर कोठपर्यंत? आणि आपण घरच्यांनी त्याचे तोंड बंद करावे काय?

प्रथम या काव्यप्रकाराची जन्मकथा पाहू. कारण पुष्कळ वडीलधाऱ्यांना तो निव्वळ उच्छृंखलपणा वाटतो. न्यूयॉर्क शहरात ब्रॉंक्स नावाचा भाग आहे. १९४८ पासून पुढे दोन दशकांहून अधिक काळ या वस्त्यांमधून एक रुंद महामार्ग खणून नेण्यात आला आणि हजारो कुटुंबे उठवली गेली. कारखाने गेले, रोजगार गेला आणि १९७० च्या दशकात इमारतींमागून इमारती आगीत जळाल्या. राहणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक गरीब. तेथील सेज्विक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका शाळकरी मुलीने मेजवानी ठेवली. जमैकातून आलेला तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्बेल, ज्याला लोक डीजे कूल हर्क म्हणत, तबकड्या वाजवीत होता. गाण्यातील केवळ तालाचा तुकडा तो दोन तबकड्यांवर आळीपाळीने लांबवी. त्या लांबलेल्या तालावर बोलण्याची जी रीत पडली, ती रॅप. आणि तिच्यासह नृत्य, भिंतींवरील चित्रे व तबकडीवादन मिळून जे उभे राहिले, ते हिप हॉप.

आरंभी यात करमणूकच होती. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचे ‘द मेसेज’ आले आणि मोडक्या वस्तीत माणूस कसा जगतो, हे प्रथमच लक्षावधी लोकांच्या कानी पडले. १९८९ मध्ये पब्लिक एनिमी या समूहाचे ‘फाइट द पॉवर’ आले. त्याच वर्षी पोलिसांच्या वागणुकीवर लिहिलेल्या दुसऱ्या एका समूहाच्या गाण्याबद्दल अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेतील एका अधिकाऱ्याने ध्वनिमुद्रण कंपनीला नाराजीचे पत्र धाडले. रस्त्यावरच्या मुलाचा शब्द राजधानीपर्यंत पोहोचला होता. पुढे बाजाराने या शब्दाला गाठले. सोन्याच्या साखळ्या, महागड्या मोटारी, स्त्रियांविषयी हिणकस बोलणे आणि स्वतःची बढाई यांना अधिक भाव मिळू लागला. मात्र त्या काळातही वेगळ्या वाटेने जाणारे होते. मॉस डेफ हा मुसलमान रॅपकार, ज्याचे नाव आज यासीन बे आहे, त्याने १९९९ मधील आपल्या गीतसंग्रहाचा प्रारंभ बिस्मिल्लाहने केला.

ही गोष्ट अमेरिकेची असली, तरी तिच्यातील प्रेरणा आपल्या मातीला अनोळखी नाही. डफावर थाप मारून राज्यकर्त्यांना जाब विचारणारा शाहीर मराठी माणसाच्या परिचयाचा आहे, आणि त्या परंपरेत मुसलमानांचा वाटा मोठा आहे. उत्तर पेशवाईतील नामवंत शाहिरांत सगनभाऊ होते. बार्शीला १९१६ मध्ये जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख यांनी अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आपल्या आवाजाने मैदाने भारून टाकली. आपल्या विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हातात खंजिरी घेऊन गावोगाव बोलत राहिले आणि १९४२ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. ठेका, यमक आणि लोकांचे गाऱ्हाणे ही तीन द्रव्ये एकत्र आली की सत्तेला ती टोचतात, हा अनुभव आपल्याकडे जुना आहे.

अलीकडच्या काळात मुंबईतील कुर्ल्याच्या नावेद शेख या तरुणाने, म्हणजे नेझीने, २०१४ मध्ये आपल्या वस्तीतूनच पहिले गाणे चित्रित करून लोकांपुढे ठेवले. त्याच्या आणि डिव्हाइनच्या वाटचालीवरून स्फुरलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ मध्ये आला आणि रॅप घराघरांत शिरला. त्याच वर्षी स्वदेसी या समूहाने आरे जंगलातील आदिवासींचे गाऱ्हाणे ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये मांडले, त्यात प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. २०२३ मध्ये राज्यातील सत्ताकारणावर आणि जनतेच्या हालांवर मराठीत रॅप केल्याबद्दल छत्रपती संभाजीनगरचे राज मुंगासे आणि मुंबईचे उमेश खाडे या दोघांविरुद्ध गुन्हे नोंदवले गेले. म्हणजे माझ्या भाच्याच्या वडिलांची भीती काल्पनिक नव्हती, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे.

आता दीनचा दृष्टिकोन पाहू. वाद्यांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. बहुसंख्य फुकहांनी त्यांना मनाई केली असून दफाला सवलत दिली आहे. तो मसला प्रत्येकाने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावा. ठेका बाजूस काढला तरी शब्द उरतो, आणि येथे आपला विचार त्या शब्दापुरता आहे.

दिव्य कुरआनातील सूरह अश्-शुअराच्या अखेरीस (आयत २२४ ते २२७) कवींचा उल्लेख येतो. भरकटलेले लोक त्यांच्या मागे जातात, ते प्रत्येक दरीत भटकत फिरतात आणि जे स्वतः करीत नाहीत ते बोलतात, असा त्या आयतींचा आशय आहे. तोफा न पाहता तोफांच्या गोष्टी सांगणाऱ्या आणि खिशात दमडी नसताना सोन्याची बढाई मारणाऱ्या कोणत्याही काळातील रॅपकाराला हे वर्णन लागू पडते. परंतु लगेच अपवाद येतो. ज्यांनी ईमान धारण केले, सत्कृत्ये केली, अल्लाहचे पुष्कळ स्मरण केले आणि आपल्यावर अन्याय झाल्यानंतर प्रतिकार केला, ते कवी या निंदेतून वगळले आहेत. या चार अटींतील चौथी आपण सहसा वाचून पुढे जातो. अन्यायग्रस्ताने शब्दांनी केलेला प्रतिकार येथे ईमान आणि सत्कृत्य यांच्या पंक्तीत बसवला आहे.

सूरह अन्-निसाच्या १४८ व्या आयतीत हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. वाईट बोलणे चारचौघांत उघडपणे बोलले जावे, हे अल्लाहला पसंत नाही. मात्र ज्याच्यावर जुलूम झाला, त्याची गोष्ट वेगळी. पुढील आयतीत क्षमा करण्याचा गौरव आहे. काही लोक या दुसऱ्या आयतीचा आधार घेऊन अन्यायग्रस्ताला गप्प करू पाहतात. वाचकहो, क्षमा ही ज्याचे नुकसान झाले त्याच्या हातची देणगी आहे. तिसऱ्याने त्याचे तोंड दाबून ती वसूल करता येत नाही. ज्याला बोलण्याची मुभा आहे, त्यानेच न बोलणे पसंत केले, तर त्या मौनाला क्षमा म्हणतात. भीतीने बसलेल्या दातखिळीला ते नाव देता येणार नाही.

सहीह बुखारीत एक प्रसंग येतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एका माणसाचा उंट देणे होता. तो मागायला आला आणि फार उद्धटपणे बोलला. सहाबांना ते सहन झाले नाही; ते त्याच्यावर चालून जाऊ लागले. प्रेषितांनी त्यांना थांबवले आणि समजावले की ज्याचा हक्क आहे, त्याला बोलण्याचा अधिकार असतो. मग त्याच्या उंटाच्या वयाचा उंट द्यायला सांगितले. तसा मिळेना, त्याहून चांगलाच उपलब्ध होता, तेव्हा तोच द्यायला लावले. अखिल मानवजातीसाठी करुणा म्हणून पाठवलेल्या प्रेषितांशी कोणी असे बोलतो, आणि ते त्याच्या बोलण्याच्या पद्धतीवर नव्हे, तर त्याच्या देण्यावर लक्ष देतात! आपल्याकडे नेमके उलट घडते. गाऱ्हाणे मांडणाऱ्याची भाषा कशी होती, यावर चार बैठका होतात आणि त्याचे देणे तसेच राहते.

येथवर माझा भाचा खूश होईल. परंतु हक्कदाराचा हा अधिकार त्याच्या हक्काएवढाच असतो. त्याच्या सीमाही त्याच शिकवणुकीत आहेत.

कुरैशांचे कवी प्रेषितांची निंदानालस्ती करीत, तेव्हा हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांनी काव्यातून प्रत्युत्तर देण्याची परवानगी मागितली. प्रेषितांनी विचारले की माझा वंशही त्यांच्यातच आहे, त्याचे काय कराल? हस्सान (रजि.) यांनी सांगितले की मळलेल्या पिठातून केस अलगद ओढून काढावा, तसे मी आपल्याला त्यातून वेगळे काढीन. तरीही त्यांना सांगण्यात आले की घाई करू नका, हजरत अबू बक्र (रजि.) कुरैशांच्या वंशावळीचे जाणकार आहेत, प्रथम त्यांच्याकडून नीट समजून घ्या. ज्या कवीसाठी प्रेषितांनी पवित्र आत्म्याच्या साहाय्याची दुआ केली, त्यालाही आधी जाणकाराकडे पाठवण्यात आले. कारण कठोर शब्द सुटला की तो अपराध्याच्या शेजारी उभ्या असलेल्या निरपराध्यालाही लागतो. म्हणून पहिली सीमा अशी की बोलण्यापूर्वी माहिती करून घ्यावी आणि शब्द नेमक्या दोषावर पडावा.

दुसरी सीमा न्यायाची. एखाद्या समाजाशी असलेल्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नये, असे सूरह अल्-माइदाच्या आठव्या आयतीत बजावले आहे. आणि सूरह अल्-हुजुरातच्या अकराव्या आयतीत परस्परांची टिंगल करण्यास व वाईट नावे ठेवण्यास मनाई आहे. व्यापाऱ्याचा हिशेब चुकला असेल, तर हिशेबावर बोलावे. त्याचा पाय अल्लाहने घडवला आहे आणि त्याच्या घरातील स्त्रियांनी कोणाचे सोयाबीन घेतलेले नाही.

तिसरी सीमा हजरत उमर (रजि.) यांच्या चरित्रात सापडते. हुतैआ नावाच्या कवीने एका माणसाची अब्रू काव्यातून उतरवली, तेव्हा उमर (रजि.) यांनी त्याला कैदेत टाकले आणि पुढे त्याच्या लहान मुलांची दया येऊन ताकीद देऊन सोडले. त्याच उमर (रजि.) यांना एकाने भर लोकांत अल्लाहचे भय बाळगा असे सुनावले आणि उपस्थितांनी त्याला दटावले, तेव्हा त्यांनी दटावणाऱ्यांनाच थांबवले; लोकांनी असे बोलावे आणि आम्ही ते ऐकावे, यातच दोघांचे भले आहे, अशी त्यांची भूमिका होती. खलिफा म्हणून स्वतःवरील टीका त्यांनी मोकळी ठेवली आणि सामान्य माणसाच्या अब्रूभोवती कुंपण घातले. आज आपण याच्या उलट वागतो, हे सांगायला नको.

आता वडिलांच्या भीतीकडे येऊ. आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत तो होता; २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्राचे जे चार जिल्हे निवडले गेले, त्यांतही तो आहे. अशा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याने, त्यातही अल्पसंख्य समाजातील शेतकऱ्याने, व्यापाऱ्याशी वा सरकारी कचेरीशी वाकडे घेताना दहा वेळा विचार केला, तर त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार शहरात बसलेल्या लेखकाला नाही. वाईट दिसले तर हाताने बदलावे, ते न जमले तर जिभेने, आणि तेही न जमले तर मनाने ते वाईट मानावे, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. तिसरी पायरी अल्लाहने सवलत म्हणून ठेवली आहे. परंतु त्याच हदीसमध्ये तिला ईमानाची सर्वांत दुबळी अवस्था म्हटले आहे. ज्याला खाली थांबणे भाग आहे त्याने थांबावे. पण वर चढू पाहणाऱ्या मुलाचा पाय ओढून त्याला शहाणपण म्हणू नये.

ट्युनिशियातील स्फाक्स शहराच्या हमादा बिन अमोर या तरुणाने, ज्याला एल जनराल म्हणतात, नोव्हेंबर २०१० मध्ये थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून रॅप केला. लोक उपाशी आहेत, पोलीस छळतात, हे त्याने सांगितले. ६ जानेवारी २०११ रोजी त्याला पकडून नेण्यात आले, काही दिवसांनी सोडण्यात आले आणि १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. ते गाणे कारण ठरले असे मी म्हणणार नाही. लाखो लोक रस्त्यावर उतरले होते. पण जुलमी सत्ताधाऱ्यासमोर सत्य वचन बोलणे हा श्रेष्ठ जिहाद आहे, या प्रेषितवचनाचा अर्थ त्या एकवीस वर्षांच्या मुलाकडे पाहून कळतो.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी भाच्याला विचारले, ‘‘काटा मारतो हे तू पाहिलंस का?’’ तो म्हणाला, ‘‘सगळे म्हणतात, मामू.’’ मग आम्ही वडिलांकडून काटापट्टी आणि हिशेबपट्टी मागून घेतली आणि घरी भरलेल्या कट्ट्यांच्या नोंदीशी ताडून पाहिली. वजन बरोबर होते. परंतु ओलाव्यापोटी क्विंटलमागे केलेली कपात पट्टीवर होती आणि ओलावा किती भरला, तो आकडा कोठेच नव्हता. वडिलांनी सांगितले की मीटर लावला होता, पण दाखवला नव्हता. मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला. मग त्याने आपले लिखाण पुन्हा काढले. व्यापाऱ्याचे नाव, पाय आणि घर त्यातून गेले. मीटरचा आकडा शेतकऱ्याला का दाखवत नाहीत आणि केंद्रावर माल वाळवायला जागा का नाही, हे दोन प्रश्न उरले. खरे सांगतो, ते पहिल्यापेक्षा अधिक बोचरे झाले.

वडिलांनी ते शेवटपर्यंत ऐकले. शाबासकी दिली नाही. पुढे फेब्रुवारीत तूर विकायला गेले, तेव्हा त्यांनी मीटर पाहायला मागितला. व्यापारी कुरकुरला, पण त्याने दाखवला. भाव रुपयानेही वाढला नाही. तरी त्या दिवशीच्या पट्टीवर ओलाव्याचा आकडा लिहिलेला होता.

म्हणून माता-पित्यांनो, घरातील मूल असे काही घेऊन आले, तर ऐकण्याआधी बंद करू नका. शेवटपर्यंत ऐका आणि मग विचारा: हे तू स्वतः पडताळले आहेस काय? दोषाबाहेरचा कोणी यात जखमी होतो काय? जे बोलतोस, तसा वागतोस काय? या प्रश्नांतून जो शब्द पार पडेल, तो दाबण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि आपल्याच विरुद्ध कोणी हक्कदार कठोर बोलला, तर त्याच्या भाषेचा न्याय करण्याआधी आपले देणे चुकते करू या.

अल्लाह आपल्या मुलांच्या जिभेला सत्य देवो, त्यांच्या रागाला न्यायाची सीमा देवो आणि आपणा वडीलधाऱ्यांना ऐकण्याचे धैर्य देवो. आमीन.